हरणाचा खिमा घरी आलाय? स्लॉपी जो ते पॅटी मेल्ट, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन या बाजूला नवीन राहायला आलात की पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात हे होणारच. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा गन सीझन, म्हणजे बंदुकीने हरणांच्या शिकारीचा हंगाम, सुरू होतो, पाच लाखांच्या वर लोक लायसन्स काढतात, ऑफिस अर्धं रिकामं. आणि मग डिसेंबरात टीममधला कोणीतरी किंवा शेजारचे आजोबा तुमच्या हातात एक दगडासारखं गोठलेलं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं, नळीसारखं पाकीट ठेवतात, दोन्ही टोकांना पिळून धातूची क्लिप मारलेली, वर 'ग्राउंड व्हेनिसन' (म्हणजे हरणाचा खिमा) आणि 'नॉट फॉर सेल' असा शिक्का. आपण थँक्यू थँक्यू म्हणतो, फ्रीझरमध्ये मागे ढकलतो आणि मार्चपर्यंत त्याच्याकडे बघत नाही, कारण करायचं काय हे माहीतच नसतं.

हा लेख त्यासाठी. मी मॅडिसनच्या जवळ राहतो, ही पाकिटं दरवर्षी येतात, आता वाट बघतो असं म्हटलं तरी चालेल. नेटवरच्या रेसिपी बहुतेक बीफसाठी लिहिलेल्या असतात आणि खाली 'व्हेनिसन पण चालेल' अशी एक ओळ टाकलेली असते, ती ओळ फसवी आहे. आणि आपली खिम्याची सवय इथे वेगळ्याच पद्धतीने आडवी येते, ते पुढे सांगतो.

(भारतातून वाचत असाल तर: तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर सीझनच्या मांसाबद्दल आहे. मटणाच्या खिम्यावर यातलं बरंचसं करता येईल, फक्त फॅटचं गणित उलटं होईल.)

१. पाकिटात नक्की काय आहे ते आधी विचारा

लाजू नका. शिकार करणाऱ्या माणसाला त्याच्या हरणाबद्दल विचारलं की तो अर्धा तास आनंदाने बोलतो, वर फोनमधले फोटो दाखवतो. चार गोष्टी विचारायच्या.

पहिली, आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची: 'प्लेन ग्राइंड आहे का, की फॅट घातलंय?' हरणाचं मांस इतकं कोरडं असतं की बरेचसे प्रोसेसर, म्हणजे हरीण कापून पॅक करून देणारी दुकानं, त्यात १० ते २० टक्के बीफचं किंवा डुकराचं फॅट मिसळून देतात. पाकिटावर ते लिहिलेलं असेलच असं नाही. 'व्हेनिसन' वाचून तुम्ही निश्चिंत होता आणि घरात बीफ न खाणारी आई किंवा पोर्क न खाणारा मित्र जेवायला बसलेला असतो. देणाऱ्याला सांगून ठेवलं की आम्ही बीफ खात नाही, तर पुढच्या वर्षी तो आठवणीने प्लेन पाकीट बाजूला काढतो, हा माझा अनुभव आहे. ज्यांना अगदीच कडक पाळायचंय त्यांनी हे लक्षात घ्या की ग्राइंडर बहुतेक ठिकाणी एकच असतो. आणि समर सॉसेज, स्नॅक स्टिक्स हे जे सोबत मिळतं त्यात पोर्क किंवा बीफ जवळपास धरूनच चाला.

दुसरी: सीडब्ल्यूडीची टेस्ट केली होती का. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा रोग आहे, प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रोटीनमुळे होतो, विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये सापडला आणि तेव्हापासून पसरतोच आहे. माणसाला झाल्याची खात्रीशीर केस आजवर नाही, पण सीडीसीचा (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेचा) सल्ला स्पष्ट आहे: पॉझिटिव्ह आलेलं हरीण खाऊ नका. आणि इथे 'नीट शिजवलं की झालं' हे चालत नाही, प्रायॉन शिजवून मरत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये टेस्ट फुकट होते, शिकारी हरणाचं डोकं किऑस्कवर, म्हणजे नमुने जमा करायच्या पेटीत, टाकून येतात आणि रिझल्ट ऑनलाइन बघतात. तुमच्या भागात हा रोग असेल तर 'टेस्टेड?' एवढं विचारणं अगदी नॉर्मल आहे, कोणाला राग येत नाही. जमल्यास हेही विचारा की ते हरीण एकट्याचं वेगळं दळलं की चार जणांचं एकत्र, कारण एकत्र दळलं असेल तर एकाच्या टेस्टला काही अर्थ उरत नाही.

तिसरी: गोळी कशाची होती. शिशाची गोळी हाडाला लागली की फुटते, बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत जातात, डोळ्याला दिसत नाहीत, आणि खिम्यात तर सगळीकडचं मांस एकत्र होतं. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने फूड पँट्रींना (गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रांना) दान आलेला असा खिमा वाटू नका म्हणून सांगितलं होतं ते यामुळेच. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याच्या गोळीचं किंवा बाणाने मारलेल्या हरणाचंच घ्या, नाहीतर त्यांना दुसरं काही करून द्या. यात मी तडजोड करत नाही.

चौथी: कधीचं आहे. शिक्का नसेल तर घरी आल्या आल्या मार्करने तारीख टाका. शून्य फॅरनहाइटला नीट गोठलेलं मांस बिघडत नाही पण चव उतरते, खिम्याची स्टेकपेक्षा लवकर. तीन-चार महिन्यांत संपवलेलं चांगलं.

आणि हो, पैसे देऊ करू नका. जंगली शिकारीचं मांस विकणं बेकायदा आहे, तो शिक्का उगाच मारलेला नसतो. चकलीचा डबा द्या, लिंबाचं लोणचं द्या, खूश होतात. दुकानात जे व्हेनिसन मिळतं ते फार्मवरचं असतं, बरंचसं न्यूझीलंडहून येतं, चवीला सौम्य आणि किमतीला सणसणीत. कोणी ओळखीचं नसेल तर त्यावर शिकायला हरकत नाही.

२. काय काय जमवून ठेवायचं

भांडी फार नाही लागत:

- जाड बुडाचा लोखंडी तवा किंवा कास्ट आयर्न स्किलेट. नॉनस्टिकवर मांसाला रंग येत नाही
- इन्स्टंट रीड थर्मामीटर, पंधरा-वीस डॉलरचा पुरतो. याच्याशिवाय सुरूच करू नका
- लाकडी उलथनं आणि एक पातळ धातूचं उलथनं
- चीजची किसणी (बटर किसायला, का ते पुढे येईल)

सामानात: कांदे, ढोबळी मिरची, लसूण, केचप, टोमॅटो पेस्ट, पिवळी मस्टर्ड, वूस्टरशर सॉस, ब्राउन शुगर, व्हिनेगर, अनसॉल्टेड बटर, खायचा सोडा, लोणच्याच्या काकडीच्या चकत्या, स्विस चीज, राय ब्रेड (राय नावाच्या धान्याचा, मोहरीचा नव्हे) आणि हॅम्बर्गर बन. पोटॅटो बन मिळाले तर ते घ्या. इंडियन स्टोअरचे पाव पण चालतात, फक्त भाजून घ्या, नाहीतर रस्सा पिऊन फुटतात.

खरेदी करताना दोन सापळे. एक, अमेरिकन 'चिली पावडर' म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे, त्यात जिरं, ओरेगॅनो, लसूण असं सगळं मिसळलेलं असतं आणि तिखटपणा नावालाच. रेसिपीत 'एक टेबलस्पून चिली पावडर' वाचून तुम्ही घरातलं बेडगी-गुंटूरचं मिश्रण टेबलस्पूनभर टाकलंत तर जेवण तिथेच संपलं. दोन, बीफ न खाणाऱ्यांनी ब्रॉथ (मांसाचं किंवा भाज्यांचं पातळ पाणी), बुयॉनचे चौकोन (तेच सुकवून केलेल्या वड्या) आणि कांद्याच्या सूपचं पाकीट यांच्या मागची यादी वाचायची. मी मश्रूमचा ब्रॉथ वापरतो, हरणाच्या मांसाला तोच जास्त शोभतो असं माझं ठाम मत आहे.

३. वितळवणं

आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या फळीवर, ताटलीत. एक पौंडाच्या पाकिटाला साधारण एक दिवस लागतो. ताटली विसरू नका, क्लिपच्या टोकातून लाल पाणी हमखास गळतं आणि खाली कोथिंबीर ठेवलेली असते.

घाई असेल तर बंद पाकीट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, तासाभरात होतं, पण मग लगेच शिजवायचं. गरम पाणी नको, ओट्यावर दिवसभर ठेवणं नको. मायक्रोवेव्हमध्ये कडा शिजतात आणि मध्ये बर्फ राहतो, एवढ्या कोरड्या मांसाच्या कडा एकदा शिजल्या की त्या परत मऊ होत नाहीत.

उघडल्यावर रंग बघून घाबरू नका. मटणापेक्षा कितीतरी गडद, जवळजवळ बिटासारखा असतो, ते नॉर्मल आहे. वास लोखंडासारखा येईल, तेही नॉर्मल. आंबट किंवा कुजकट वास आला तर सरळ फेका. चमच्याने उकरून बघा, कधी एखादा केस, हाडाचा कण किंवा पांढरी चिवट शीर सापडते, ती काढून टाका. हरणाचं स्वतःचं फॅट, मेणासारखे पांढरे कडक तुकडे, दिसले तर तेही काढा. लोक ज्याला 'जंगली वास' म्हणून नाकं मुरडतात तो बराचसा त्या फॅटमध्ये असतो, आणि ते गार झालं की टाळूला चिकटून बसतं.

दुधात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा असा सल्ला कोणीतरी देईल. अख्ख्या तुकड्यांचं ज्याचं त्याने ठरवावं, खिमा भिजवू नका, नुसता चोथा होतो.

४. फॅटचं गणित, सगळी गोम इथेच आहे

साधा बीफचा खिमा ८०-२० येतो, म्हणजे २० टक्के फॅट. प्लेन व्हेनिसनमध्ये दोन-तीन टक्के असेल तर असेल. या एका फरकामुळे रेसिपीतल्या निम्म्या सूचना चुकीच्या ठरतात. 'मांस परतून झाल्यावर फॅट काढून टाका' असं प्रत्येक अमेरिकन रेसिपीत लिहिलेलं असतं. इथे काढायला काही नसतंच, तुम्ही जे ओतून टाकाल तो मांसाचा रस असेल.

आपल्याकडची चूक बरोबर उलट दिशेची. आपल्या हाताला सवय काय, तर खिमा तेल सुटेपर्यंत परतायचा. हरणाच्या खिम्याला तेल सुटतच नाही. तुम्ही परतत राहता, आता सुटेल मग सुटेल, आणि तोपर्यंत कढईत रबराचे छर्रे तयार होतात. त्यामुळे ही खूण विसरा. लाली गेली की थांबायचं आणि ओलं काहीतरी घालायचं.

फॅट कुठून आणायचं? प्लेन एक पौंडाला (साधारण ४५० ग्रॅम):

- सुट्या खिम्याच्या सँडविचला दोन टेबलस्पून बटर किंवा तेल. तूप पण छान लागतं, फक्त वास आपल्या बाजूला झुकतो
- पॅटीला (खिम्याच्या थापलेल्या चपट्या टिक्कीला) दोन टेबलस्पून थंडगार बटर किसून मांसात. वितळलेलं घातलं तर तव्यावर पळून जातं, किसलेलं आतच राहतं
- किंवा चिकन थायचा खिमा चौथा हिस्सा मिसळा. बीफ-पोर्क दोन्ही नको असलेल्या घरांसाठी हा सगळ्यात चांगला उपाय. मात्र चिकन आलं की शिजवायचं तापमान वाढतं, खाली दिलंय

प्रोसेसरने आधीच फॅट घातलेलं असेल तर यातलं निम्मं पुरे.

आणखी एक युक्ती: पाव टीस्पून खायचा सोडा टेबलस्पूनभर पाण्यात विरघळवून एक पौंड खिम्यावर शिंपडा, हलक्या हाताने मिसळा, पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांस कमी आकसतं, पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर येतो. पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते.

५. सुरुवात स्लॉपी जोनेच करा

बर्गरने सुरुवात करू नका. सगळे तेच करतात, कोरडी चकती होते, आणि मग 'आम्हाला नाही आवडत बुवा हरीण' असं कायमचं ठरून जातं. स्लॉपी जो म्हणजे गोड-आंबट टोमॅटोच्या रस्स्यातला खिमा बनमध्ये, खाताना हातावरून ओघळणारा, म्हणून नाव तसं. आयोवातल्या सू सिटीत १९३० च्या सुमारास जो नावाच्या आचाऱ्याने केला असं सांगतात, दुसरे लोक फ्लोरिडातल्या 'की वेस्ट' गावच्या बारचं नाव घेतात. १९६९ मध्ये मॅनविच नावाचा डब्यातला सॉस आला आणि मग तो प्रत्येक शाळेच्या कँटीनमध्ये पोचला. खिमा-पाव खाऊन वाढलेल्या माणसाला हे पहिल्या घासाला ओळखीचं वाटतं आणि दुसऱ्या घासाला 'अरे, एवढं गोड का?' असं वाटतं. म्हणून खाली साखर मी आधीच कमी धरली आहे.

चार मोठे बन होतात.

तवा चांगला तापवा, एक टेबलस्पून बटर किंवा तेल. सोडा लावलेला खिमा टाका आणि उलथन्याने दाबून एक सपाट थर करा, डोशासारखा. आता हात लावू नका. तीन-चार मिनिटं. ढवळायची इच्छा होईल, मोह आवरा, कारण ढवळत राहिलात की पाणी सुटून मांस उकडतं, तपकिरी होत नाही. खालची बाजू चांगली खमंग झाली की उलथन्याने तुकडे करा, दुसरी बाजू जेमतेम लाली जाईपर्यंत, आणि ताटलीत काढून घ्या. वर थोडी गुलाबी राहिली तरी चालेल, परत शिजणार आहे.

त्याच तव्यात उरलेलं एक टेबलस्पून बटर, एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची बारीक चिरून, मीठ. सात-आठ मिनिटं मऊ होऊ दे. तव्याला चिकटलेलं खरपूस सगळं कांद्याच्या पाण्यात सुटतं, ते खरवडून घ्या, चव तिथे आहे. तीन पाकळ्या लसूण. एक टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, ती मिनिटभर परता, कच्चा वास जाऊन रंग विटकरी होईपर्यंत. मग पाऊण कप केचप, एक टेबलस्पून वूस्टरशर, दोन टीस्पून ब्राउन शुगर, एक टीस्पून मस्टर्ड, एक टीस्पून अमेरिकन चिली पावडर (नसेल तर अर्धा टीस्पून जिरेपूड आणि चिमूटभर लाल तिखट), एक कप ब्रॉथ. मांस ताटलीतल्या रसासकट परत आत.

मंद आचेवर, झाकण अर्धवट ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं. कडेला हळू बुडबुडे येत राहिले पाहिजेत, खदखदायला नको. सुरुवातीला रस्सा पातळ वाटेल, घाबरून आच वाढवू नका. उलथनं तव्याच्या मधून ओढल्यावर मागे रेघ राहते आणि मग हळूच दोन्हीकडून रस्सा येऊन मिळतो, तेव्हा झालं. शेवटी एक टीस्पून व्हिनेगर, आणि मीठ चाखून. केचपमध्ये मीठ असतं हे लक्षात ठेवा.

बन बटर लावून भाजा, आतल्या बाजू, चांगल्या तपकिरी. त्यावर खिमा, त्यावर काकडीच्या चकत्या. काकडी वगळू नका, त्या आंबटपणाशिवाय हे सँडविच अळणी-गोड लागतं. आपल्याकडच्या पाहुण्यांसाठी मी वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि हिरवी मिरची ठेवतो, गोरे पाहुणे पण तेच उचलतात.

६. लूज मीट: आळशी दिवसाचं

आयोवाचंच आणखी एक, मस्काटीनमध्ये १९२६ मध्ये सुरू झालेल्या मेड-राइट या रेस्टॉरंटमुळे प्रसिद्ध झालेलं. यात सॉस नाहीच, नुसता मऊ वाफवलेला सुटा खिमा बनवर, मस्टर्ड, कांदा, काकडी. दिसायला बिचारं दिसतं पण कोरड्या मांसासाठी पद्धत एकदम बरोबर आहे, कारण परतण्यापेक्षा ओल्यात शिजवणं हेच तंत्र.

एक पौंड खिमा, एक किसलेला कांदा, दोन टेबलस्पून बटर, एक कप ब्रॉथ, एक टीस्पून मस्टर्ड, मीठ, भरपूर मिरपूड. सगळं गारच एकत्र करून बोटांनी मोकळं करा, मग गॅस लावा. गारपासून सुरू केल्यामुळे गोळे होत नाहीत. ढवळत ढवळत उकळी, मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, पाणी आटून मांस ओलसर राहीपर्यंत. खाताना सांडतं, चमचा द्यायची पद्धतच आहे.

७. पॅटी मेल्ट: हात बसल्यावर

हे माझं लाडकं. लॉस अँजेलिसच्या टायनी नेलर नावाच्या रेस्टॉरंटवाल्याला याचं श्रेय देतात: पातळ पॅटी, भरपूर परतलेला कांदा, स्विस चीज, आणि बनऐवजी राय ब्रेड तव्यावर खरपूस भाजलेला. रायचा किंचित कडवटपणा आणि हरणाच्या मांसाची खोल चव एकमेकांना धरून राहतात, इथे बीफपेक्षा व्हेनिसन सरस आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. चीज विस्कॉन्सिनमध्ये शोधावं लागत नाही, आमच्या दक्षिणेला मनरोच्या बाजूला स्विस लोकांनी वसवलेला सगळा चीजचाच मुलूख आहे.

आधी कांदा, कारण वेळ तोच खातो. दोन मोठे कांदे उभे पातळ, दोन टेबलस्पून बटर, चिमूटभर मीठ, मध्यम-मंद आच. रेसिपीत 'दहा मिनिटं' लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका, पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. चिकटायला लागला की चमचाभर पाणी. बिर्याणीच्या बरिस्त्यासारखा कुरकुरीत करायचा नाही, जॅमसारखा मऊ आणि तपकिरी हवा.

तोवर पॅटी. ब्रेडच्या एका स्लाइसचा चुरा तीन टेबलस्पून दुधात भिजवून कुस्करा, त्यात एक पौंड खिमा, दोन टेबलस्पून किसलेलं थंड बटर, मिरपूड. दहा-बारा सेकंद, बोटांच्या टोकांनी, बास. कबाबासारखं मळायचं नाही. आणि मीठ आत घालायचं नाही, मीठ घालून मळलं की मांस चिकट होऊन सॉसेजसारखं घट्ट बसतं. चार भाग करा, ब्रेडच्या आकाराच्या लांबट पातळ पॅटी थापा, ब्रेडपेक्षा बोटभर मोठ्या, आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे बटर परत घट्ट होतं. मीठ तव्यावर टाकायच्या क्षणी, वरून, दोन्ही बाजूंना.

तवा धूर यायच्या बेतात तापलेला, थोडं तेल. एक बाजू अडीच-तीन मिनिटं, दुसरी दोन. उलथन्याने दाबू नका, आतला रस बाहेर गेला तर परत आणायला फॅट नाहीये. पॅटी काढा, तवा पुसा, आच कमी करा.

ब्रेडच्या बाहेरच्या बाजूला बटरऐवजी मेयोनेझ पातळ लावून बघा, रंग सगळीकडे सारखा येतो. चीज, पॅटी, कांदा, परत चीज, ब्रेड. चीज दोन्हीकडे पाहिजे, तेच गोंदाचं काम करतं. मंद-मध्यम आचेवर एकेक बाजू तीन-चार मिनिटं. कापायच्या आधी दोन मिनिटं थांबा.

चीज पोटात भरलेली बर्गरची पॅटी, जूसी लूसी, पण लोक विचारतात, मिनिआपोलिसमध्ये सीडर अव्हेन्यूवरचे मॅट्स आणि ५-८ क्लब हे दोन बार ती आमचीच म्हणून भांडतात. व्हेनिसनची करू नका एवढंच सांगतो, निदान पहिल्या सीझनला. कोरडं मांस कडेला तडकतं आणि चीज तव्यावर सांडतं, आणि नाही तडकलं तर पहिल्या घासाला जीभ भाजते.

८. तापमान, रंगावर जाऊ नका

हरणाचा खिमा आतून १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस) झाला पाहिजे. शिकारी मित्र म्हणतील आम्ही मीडियम रेअर (आतून गुलाबी) खातो, ते स्टेकचं बोलतायत. खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, तिथे हा लाड चालत नाही. चिकन मिसळलं असेल किंवा रानटर्की, बदक, गीजचा खिमा असेल तर १६५ (७४ सेल्सियस). अस्वलाचं किंवा रानडुकराचं मांस कोणी दिलं तर तिथे ट्रिकिनेला नावाच्या जंताची भीती असते, आणि अस्वलातल्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत, त्यामुळे १६० च्या खाली अजिबात नाही.

रंगावरून का कळत नाही, तर हे मांस मुळातच इतकं गडद की कधी शिजूनही लालसर दिसतं आणि कधी कच्चं असून तपकिरी. पातळ पॅटीला थर्मामीटर वरून खुपसला तर तो तव्याचंच तापमान सांगतो, कडेने आडवा, मधोमध घाला. १५५ ला गॅसवरून काढलंत की ताटलीत चार-पाच अंश वर चढतं, पण खाण्याआधी परत मोजा. १६० च्या पुढे १७५ पर्यंत गेलात तर सुरक्षित आहे, फक्त चव भुशाची.

९. आपला मसाला आणि उरलेलं

पहिलं पाकीट बिनमसाल्याचं करा, मांसाची चव कळू दे. त्यानंतर खुशाल खिमा-पाव करा, या मांसाला लवंग, मिरी, दालचिनी, जायफळ हे खडे मसाले फार छान बसतात, आलं-लसूण पण, मात्र हळद-तिखटाचा मारा केला तर मग हरीण काय आणि सोया ग्रॅन्युल्स काय. टोमॅटो, दही किंवा नारळाचं दूध यातलं काहीतरी ओलं लवकर घाला, आणि वरचं 'तेल सुटेपर्यंत'चं प्रकरण इथे सगळ्यात जास्त आठवा, कारण कढई समोर आली की हात आपोआप परतत सुटतो.

पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) न्यायचं असेल तर स्लॉपी जो, स्लो कुकर 'वॉर्म'वर, पाणी सुटेल तसं ढवळत. शेजारी चिठ्ठी लावा: हरणाचं मांस आहे, कुठलं फॅट आहे, वूस्टरशरमध्ये अँकोव्ही मासा असतो. मंडळाच्या कार्यक्रमाला तर ही चिठ्ठी पाहिजेच, नाहीतर अर्धं घर विचारत फिरतं आणि कोणीच वाढून घेत नाही.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं, गरम करताना १६५ पर्यंत आणि चमचाभर पाणी घालून. स्लॉपी जो दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. डब्यात गोठवायचा असेल तर बनशिवाय गोठवा, झाकणावर तारीख आणि 'हरीण' असं ठळक लिहा, फ्रीझरमध्ये तो आणि राजम्याचा डबा अगदी सारखे दिसतात.